कर्करोगातून बरे झालेले मूल आणि आपण

लहान मुलांना कर्करोग होतो, ही गोष्टच पुष्कळांना खरी वाटत नाही. तंबाखू नाही, दारू नाही, वयही नाही, मग पाच वर्षांच्या पोराला हा आजार झालाच कसा, असे लोक विचारतात. आणि त्यातून मूल पूर्ण बरे होऊ शकते, ही गोष्ट तर त्याहूनही कमी लोकांना खरी वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की, जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन मुले या आजाराने ग्रस्त होतात. श्रीमंत देशांत त्यांतील शंभरातील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. आपल्यासारख्या देशांत निदान उशिरा होणे, उपचार अर्ध्यावर सुटणे या कारणांमुळे हे प्रमाण कमी आहे. ते २०३० सालापर्यंत जगभर निदान ६० टक्क्यांवर न्यावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवले आहे.

म्हणजेच बरे होऊन घरी परतणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही अशी मुले आहेत. आजार कसा ओळखावा, उपचार कोठे घ्यावेत याविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. परंतु डॉक्टरांनी "आता औषधे बंद" असे सांगितल्यानंतर काय करायचे, मुलाला शाळेत कधी पाठवायचे, मैदानावर सोडायचे की नाही, रागवायचे की नाही, याविषयी पालकांना कोणी फारसे सांगत नाही. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

शेवटच्या गोळीनंतरची धास्ती

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, त्यातही 'ए.एल.एल.' हा प्रकार. त्याचे उपचार सुमारे दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने रुग्णालयाच्या सततच्या वाऱ्या, सुया, सलाइन, रक्त चढवणे यांत जातात. त्यानंतर दीर्घकाळ घरी राहून गोळ्या घ्यायच्या असतात. त्यांतली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा असते. हिचा इतिहास आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथे तयार झालेल्या अशाच जातीच्या एका औषधाने बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या बालरुग्णांचा रक्ताचा कर्करोग काही काळ ओसरला. ते निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. तोवर या आजारावर औषध असे नव्हतेच.

दोन-तीन वर्षे ज्या गोळ्यांच्या आधाराने मूल वाचले, त्या गोळ्या एक दिवस बंद होतात. त्या दिवशी पेढे वाटले जातात. पण रात्री आईवडिलांना झोप येत नाही. औषध चालू होते तोवर आजाराला कुंपण होते, आता कुंपणच काढले, असे त्यांना वाटते. ही धास्ती स्वाभाविक आहे. बहुतेक पालकांना ती वाटते, त्यात कमकुवतपणा काही नाही.

मात्र धास्तीला माहितीची जोड हवी. रक्ताच्या कर्करोगात आजार उलटण्याची शक्यता उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असते आणि पुढे वर्षागणिक ती कमी होत जाते. म्हणूनच सुरुवातीला तपासणी वारंवार असते, नंतर तिच्यातले अंतर वाढत जाते. पुढील लक्षणे दिसली तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये: कारण न सापडणारा व न उतरणारा ताप, चेहरा पांढुरका पडणे, अंगावर तांबडे-जांभळे ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मानेत, काखेत वा पोटात गाठ, सकाळी उठल्यावर डोके दुखून उलटी होणे, हाडांचे सतत दुखणे किंवा लंगडणे. बाकी सर्दी, खोकला, खरचटणे हे इतर मुलांना होते तसे याही मुलाला होणार.

शरीर हळूहळू सावरते

उपचार संपले म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल पूर्वीसारखे झाले, असे होत नाही. केस साधारणपणे एक-दोन महिन्यांत दिसू लागतात. नवे केस कधी आधीपेक्षा कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे येतात. स्टिरॉइडमुळे गोल झालेला चेहरा आणि वाढलेले पोट काही महिन्यांत उतरते. व्हिन्क्रिस्टीन या औषधाचा परिणाम नसांवर होतो. त्यामुळे मूल चालताना पाऊल आपटते, जिना चढताना अडखळते, बटण लावायला किंवा पेन्सिल धरायला त्याला वेळ लागतो. हे बहुधा काही महिन्यांत सुधारते. भौतिकोपचार तज्ज्ञांनी सांगितलेले व्यायाम रोज केले तर लवकर सुधारते. थकवा मात्र बरेच दिवस रेंगाळतो. दुपारी शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून झोपी गेले, तर तो आळस समजू नये.

रोगप्रतिकारशक्ती पूर्ववत यायला साधारण सहा महिने लागतात. या काळात तीन गोष्टी काटेकोरपणे सांभाळाव्यात.

पहिली, ताप. थर्मामीटर घरात हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, विशेषतः छातीत बसवलेली 'पोर्ट' अजून काढलेली नसेल, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे आणि मुलाचे कोणते उपचार झाले, ते आल्या आल्या सांगावे.

दुसरी, कांजिण्या आणि गोवर. वर्गात किंवा शेजारी कोणाला कांजिण्या आल्याचे कळले, तर मुलाला पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वेळेत दिलेले औषध मोठा धोका टाळते.

तिसरी, लसी. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर, कांजिण्या, तोंडातून द्यायचा पोलिओ डोस, केमोथेरपी संपल्यानंतर सहसा सहा महिने उलटेपर्यंत देत नाहीत. राहिलेल्या व पुन्हा द्यायच्या लसींचे वेळापत्रक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. घरातील भावंडांच्या लसी मात्र चुकवू नयेत. फक्त मूल उपचारांवर असताना भावंडांना पोलिओचा डोस तोंडातून न देता इंजेक्शनने द्यावा. न्यूमोनियापासून बचावासाठी दिलेल्या गोळ्याही केमोथेरपी संपल्यानंतर काही महिने चालू असतात. त्या मनाने बंद करू नयेत.

आहाराबाबत वेगळे असे काही नाही. घरातली भाकरी, वरणभात, भाजी, दूध, अंडी, फळे हेच उत्तम. पाणी स्वच्छ, भाज्या धुतलेल्या, उघड्यावरचे नको, एवढे पुरे. स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात म्हणून नाचणी, दूध, तीळ द्यावेत आणि उन्हात खेळू द्यावे. महागडी शक्तिवर्धक चूर्णे आणि भस्मे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. काहींमध्ये जड धातू असतात आणि आधीच शिणलेल्या यकृत-मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो.

घरात: लाड आणि शिस्त

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. ज्यांनी मुलाला मरणाच्या दारातून परत आणले, ते त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपणार यात नवल नाही. परंतु हे जपणे कोठे थांबवायचे, तेही ठरवावे लागते.

उपचारांच्या काळात मूल मागेल ते दिले जाते. जेवण नको म्हटले की वेफर्स, रडले की मोबाइल. तेव्हा ते समजण्यासारखे असते. उपचार संपल्यानंतरही तेच चालू राहिले, तर मुलाला दोनच गोष्टी कळतात: आपण रडलो की हवे ते मिळते, आणि आपल्यात अजून काहीतरी भयंकर आहे, म्हणून सगळे आपल्याला घाबरतात. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. मूल आपल्या आजाराची गंभीरता मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावरून वाचते. बहीण-भावाला जी कामे, तीच यालाही द्यावीत. आपले ताट उचलणे, अंथरूण घडी करणे, देवापुढे दिवा लावणे अशा लहान जबाबदाऱ्यांतून "आपण आता बरे आहोत" हे मुलाच्या मनात उतरते. चुकले तर इतरांना जेवढे बोलतो, तेवढेच त्यालाही बोलावे.

भावंडांचा विचार बहुतेक घरांत राहून जातो. आई दवाखान्यात, वडील पैशाच्या धावपळीत, आणि थोरली मुलगी मामाकडे किंवा आजीकडे, असे वर्ष-दोन वर्षे चाललेले असते. तिची परीक्षा कोणी विचारली नाही, तिचा वाढदिवस झाला नाही. तिच्या मनात राग असतो आणि त्या रागाची लाजही असते. "मी त्याच्याशी भांडले म्हणून तो आजारी पडला का?" असेही लहान भावंडांना वाटते. आईवडिलांनी तिला एकटीला जवळ घेऊन बसावे आणि हा आजार कोणामुळेही झाला नाही, हे स्पष्ट सांगावे. तिने त्या काळात जे सोसले, त्याची जाणीव आपल्याला आहे, हेही बोलून दाखवावे.

शाळा: लवकर आणि तयारीनिशी

शाळा म्हणजे मुलाचे रोजचे जग. मोठ्या माणसाला कामावर रुजू झाल्यावर जसे "आपण परत उभे राहिलो" असे वाटते, तसे मुलाला शाळेत गेल्यावर वाटते. म्हणून उपचार देणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिली की विनाकारण एक दिवसही उशीर करू नये. रक्ताच्या कर्करोगात तर गोळ्या चालू असतानाच, पेशींचे प्रमाण ठीक असेल तर, अनेक मुलांना शाळेत जाण्याची मुभा मिळते. "सगळे संपू दे, मग पुढच्या जूनमध्ये बघू" असे म्हणता म्हणता दोन-तीन जून निघून जातात.

शाळेत पाठवण्याआधी आईवडिलांनी मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांना भेटावे. सोबत डॉक्टरांचे पत्र न्यावे. पत्रात पुढील गोष्टी असाव्यात: आजार संसर्गजन्य नाही, मूल शाळेत येण्यास योग्य आहे, कोणते खेळ चालतील, कोणते काही काळ नकोत, ताप आला किंवा वर्गात कांजिण्या-गोवर निघाला तर पालकांना लगेच कळवावे, तपासणीसाठी अमुक दिवशी गैरहजेरी असेल. डोक्यावर केस नसतील तर टोपी किंवा रुमाल घालण्यास परवानगी मागावी. पाय अशक्त असतील तर वर्ग तळमजल्यावर मिळेल का, हे विचारावे. दप्तर हलके ठेवावे.

पहिले आठ-पंधरा दिवस मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा ठेवली तरी चालेल. नंतर वेळ वाढवावी. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलाला वर्गात एकटे बसवून ठेवू नये. धावता येत नसेल तर गुण मोजणे, शिट्टी वाजवणे, सामान सांभाळणे ही कामे द्यावीत. म्हणजे ते खेळाच्या कडेला न राहता खेळात राहते.

शिक्षकांचा वाटा येथे फार मोठा आहे. मूल येण्याच्या आधी वर्गाला चार वाक्यांत सांगावे: "तुमचा मित्र आजारी होता. औषधांमुळे त्याचे केस गेले, ते परत येतील. हा आजार एकमेकांना लागत नाही. तो आला की आपण त्याला आपल्यात घ्यायचे." हे सांगण्यापूर्वी मुलाला आणि पालकांना विचारून घ्यावे. "बिचारा" हा शब्द शाळेत येऊ देऊ नये. वर्गातली मुले प्रश्न विचारतील, त्यांची सरळ उत्तरे द्यावीत. "देवाला केस दिले का?" असे कोणी विचारले तर काय सांगायचे, हे मुलाशी घरीच बोलून ठेवावे. "औषधाने गेले होते, आता येताहेत" एवढे उत्तर पुरते. उत्तर तयार असलेले मूल चिडवण्याला कमी घाबरते.

आजारपणात पटावरून नाव कमी झाले असले तरी काळजी करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. मात्र मूल फारच गोंधळत असेल, तर एक वर्ष मागे बसण्यात कमीपणा मानू नये. हा निर्णय मुलाशी बोलून घ्यावा.

एका मुलाची हकिकत

आपल्यासारख्याच एका तालुक्याच्या गावातला मुलगा. सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, मुंबईत उपचार झाले, दहाव्या वर्षी औषधे संपली. डॉक्टरांनी शाळेला परवानगी दिली होती. पण आजी म्हणाली, "जीव वाचला हेच खूप झालं. शिकून काय करायचंय? राहू दे घरी." मुलगा वर्षभर घरी राहिला. दिवसभर दूरदर्शन संच आणि खाणे. वजन वाढले, जिना चढताना धाप लागू लागली. धाप पाहून घरचे अधिक घाबरले. तपासण्या केल्या, सर्व ठीक निघाले. दम लागत होता तो न हालचाल केल्यामुळे.

शाळेतल्या बाईंच्या कानावर ही गोष्ट गेली. एका रविवारी त्या त्याच्या वर्गातल्या दोन मुलांना घेऊन घरी आल्या. सोबत वर्गाचा फोटो होता. "ह्यात तू नाहीस बघ. पुढच्या फोटोत यायचं की नाही?" एवढेच त्या बोलल्या. मुलाने आईकडे पाहिले. पुढच्या आठवड्यात तो शाळेत आला.

पहिल्याच दिवशी एका मुलाने बाक बदलला. त्याच्या आईने तसे बजावले होते. बाईंनी त्याला काही म्हटले नाही. मधल्या सुट्टीत त्या आपला डबा घेऊन या मुलाशेजारी बसल्या आणि त्याच्या डब्यातली थालीपिठाची चतकोर घेऊन खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिथे चार मुले बसू लागली. बाक बदललेला मुलगा आठवड्याने परत आपल्या जागेवर आला. क्रिकेटमध्ये हा आधी धावा मोजायचा, मग पंच झाला, दोन महिन्यांनी बॅट हातात आली. आज तो सातवीत आहे. गणित कच्चे आहे, शिकवणी चालू आहे. आजी आता शाळेची वेळ झाली की स्वतःच डबा भरते.

अशा मुलांना सांभाळायला फार मोठी साधने लागत नाहीत, ही गोष्ट सांगण्यासाठी ही हकिकत दिली.

अभ्यासात मागे पडत असेल तर

मेंदूच्या गाठीसाठी डोक्यावर किरणोपचार झालेल्या मुलांत, आणि काही प्रमाणात पाठीच्या कण्यातून औषध दिलेल्या मुलांतही, पुढे शिकण्याच्या अडचणी दिसू शकतात. लक्ष लवकर उडते, फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ लागतो, गणित जड जाते, सांगितलेले विसरते. उपचारांच्या वेळी वय जितके कमी, तितकी ही शक्यता अधिक. हा मठ्ठपणा किंवा चुकारपणा नव्हे. पहिल्या बाकावर बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे, टिपणे मैत्रिणीच्या वहीवरून घेऊ देणे, परीक्षेत जादा वेळ देणे यांनी पुष्कळ फरक पडतो. सिस्प्लॅटिन हे औषध दिलेल्या मुलांना उंच स्वर कमी ऐकू येऊ शकतात. 'स', 'श' यांसारखी अक्षरे निसटतात आणि मूल लक्ष देत नाही असे वाटते. अशा मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी.

डोळ्याच्या कर्करोगामुळे एक डोळा काढावा लागलेल्या मुलाला फळा दिसेल अशा बाजूला बसवावे आणि चांगल्या डोळ्याच्या रक्षणासाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा द्यावा. दृष्टी, श्रवण, हातपाय किंवा अध्ययन यांत कायमचा अडथळा राहिला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. त्याच्या आधारे परीक्षेतील सवलती मिळतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

मुलाला त्याचा आजार सांगावा

"त्याला काही सांगू नका, त्याला वाटतंय टायफॉइड होता," असे पालक अनेकदा दाराआड सांगतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम चांगला होत नाही. मूल फाइलवरचे वाचते, शेजाऱ्यांचे ऐकते, आणि आता तर हातातल्या मोबाइलवर शोधते. एक दिवस त्याला कळतेच, आणि त्याच वेळी घरच्यांनी लपवले हेही कळते. वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. लहान मुलाला "तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्या होत्या, औषधांनी त्या गेल्या" एवढे पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव सांगावे. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला आपली फाइल स्वतः वाचता आली पाहिजे, कारण पुढे ती त्यालाच सांभाळायची आहे.

मूल रात्री दचकून उठत असेल, दवाखान्याचे नाव काढताच थरथरत असेल, मित्रांपासून दूर राहत असेल आणि हे कित्येक आठवडे चालले असेल, तर समुपदेशकाची किंवा मानसोपचार तज्ज्ञाची मदत घ्यावी. ज्या मनाने इतकी वर्षे सुया सोसल्या, त्यालाही उपचार लागू शकतात.

फाइल जपून ठेवा

पालकांना आमची सर्वांत आग्रहाची सूचना हीच आहे. उपचार संपल्यावर रुग्णालयातून उपचारांचा लेखी सारांश मागून घ्यावा. त्यात आजाराचे नाव, कोणती औषधे एकूण किती दिली, किरणोपचार कोठे व किती दिले, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, रक्त किती वेळा चढवले, हे सर्व असावे. त्याच्या तीन प्रती कराव्यात. एक घरी, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक नातेवाइकांकडे.

याचे कारण असे की, काही औषधांचे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. डोक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठराविक वर्षांनी इको तपासणी करावी लागते. मानेवर किरणोपचार झाले असतील तर थायरॉइडची तपासणी हवी. एक मूत्रपिंड काढलेल्या मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा व अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. स्टिरॉइड घेतलेले मूल खुबा दुखतो म्हणून लंगडू लागले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. उंची वाढते आहे की नाही, वयात येण्याची चिन्हे वेळेवर दिसतात की नाही, यावर लक्ष ठेवावे. हे सर्व प्रत्येकाला होईलच असे नाही. वेळेत सापडले तर बहुतेकांवर उपाय आहे.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांच्या अशा तपासणीसाठी 'अॅक्ट क्लिनिक' १९९१ सालापासून चालते. उपचार संपून दोन वर्षे झालेली मुले तेथे वर्षातून एकदा तपासली जातात. अशा बऱ्या झालेल्यांनी एकत्र येऊन इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ साली 'उगम' हा गटही सुरू केला. नव्याने आजारी पडलेल्या मुलांच्या पालकांना धीर देण्याचे काम ही तरुण मंडळी करतात. ज्याला पंधरा वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाला होता असा नोकरी करणारा तरुण समोर बसून बोलतो, तेव्हा पालकांना जो विश्वास वाटतो तो डॉक्टरांच्या शब्दांनी वाटत नाही.

तपासणीला जाण्यासाठी रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला व सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत मिळते. ती उपचारांप्रमाणेच ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही आहे. रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे. एस.टी.च्या सवलतीची चौकशी आगारात करावी. "मूल बरे दिसते, आता कशाला मुंबई?" असे म्हणून तपासणी बुडवू नये.

वाचकांच्या मनातले प्रश्न

*आमची मुले त्या मुलासोबत जेवतात, खेळतात. आजार लागेल का?*
नाही. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने, कपड्यांनी किंवा एका बाकावर बसण्याने लागत नाही. उलट, आपल्या मुलाला ताप, खोकला वा कांजिण्या असतील तर त्याच्यापासून त्या मुलाला जपावे.

*सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध होते म्हणतात. मुलाला रोज सदाफुलीची पाने दिली तर आजार उलटणार नाही ना?*
व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासूनच मिळते, हे खरे आहे. परंतु ते पानांत अत्यल्प असते. ते वेगळे काढून, शुद्ध करून, अचूक मापाने शिरेतून द्यावे लागते. पाने चावून खाल्ल्याने हा उपयोग होत नाही. त्यांत इतर विषारी द्रव्येही असतात. पाने देऊ नयेत.

*मुलगी बरी झाली, पण पुढे लग्नाचे काय? तिला मुले होतील का?*
हे कोणते उपचार झाले यावर अवलंबून आहे. बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या अनेक स्त्री-पुरुषांना निरोगी मुले झाली आहेत. काही औषधांनी व ओटीपोटावरील किरणोपचारांनी अडचण येऊ शकते, म्हणून वयात आल्यावर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. डोळ्याच्या कर्करोगासारखे काही आनुवंशिक प्रकार सोडले, तर पुढच्या पिढीत कर्करोगाचा धोका वाढत नाही. गरोदरपणी मात्र आपल्या जुन्या उपचारांची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी.

*मोठेपणी त्याने काय टाळावे?*
तंबाखू कोणत्याही रूपात नको: विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री काहीही. या मुलांची हृदय-फुप्फुसे आधीच औषधांना तोंड देऊन आलेली असतात. वजन आटोक्यात ठेवावे, रोज व्यायाम करावा. बाकी शिक्षण, नोकरी, खेळ, संसार यांवर सरसकट बंदी नाही.

वाचकहो, आपल्या गल्लीत, वाडीत, शाळेत असे एखादे मूल परत आले असेल, तर त्याच्या आईला "कसा आहे आता?" असे कुजबुजत विचारू नका. त्या मुलालाच मोठ्याने हाक मारा आणि खेळायला बोलवा. दोन-तीन वर्षे ते खिडकीतून इतर मुलांचा खेळ पाहत आलेले असते.